भिंतीवरचा जेरोनिमो आणि कापून आणलेलं गवत

शेवटची_बस
नमस्कार मंडळी. हा धागा निघाला तो भाचीमुळे.

माझ्या खोलीत गेली पंधरा वर्षं अमेरिकन सैन्याशी लढलेल्या जेरोनिमोचं पोस्टर आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असेल तेच. एक गुडघा टेकलेला, दोन्ही हातांत रायफल, ओठ घट्ट मिटलेले, आणि नजर अशी की गुन्हा आपणच केलाय. कॉलेजात असताना घेतलं, नंतर तीन घरं बदलली, पण हा सोबत आला. शेवटचा स्वतंत्र रेड इंडियन वगैरे काहीतरी तेव्हा डोक्यात होतं.

परवा आठवीतली भाची त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, हे गवत कापून आणून ठेवलंय ना?"

मी हसलो. मग चष्मा लावून पाहिलं. पायाशी झुडपं आहेत, पण त्यांच्यामागे काहीच नाही. ना डोंगर, ना क्षितिज. कोरा पडदा. पंधरा वर्षं मी ज्याला ॲरिझोनाचं वाळवंट समजत होतो तो स्टुडिओ निघाला.

मग वाचत सुटलो, आणि जिकडे बघावं तिकडे हाच प्रकार. आल्बर्ट फ्रिश नावाचा जर्मन १८६७ मध्ये ॲमेझॉनवर गेला. तिथल्या लोकांना सपाट पार्श्वभूमीपुढे उभं करून त्याने फोटो काढले आणि नंतर त्यांच्यामागे दुसऱ्याच निगेटिव्हवरचं जंगल जोडलं. लिंट नावाचा दुसरा जर्मन, ऑस्ट्रेलियात ग्राफ्टनला. त्याने १८७३-७४ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांना स्टुडिओत बोलावलं, मागे रंगवलेला पडदा, पुढे आणलेल्या फांद्या, हातात हत्यारं, आणि त्या फोटोंचे अल्बम दूरदूर विकले.

तर प्रश्न असा: ह्या फोटोंना पुरावा म्हणायचं की नाटक? आणि नाटक असेल तर पोस्टर भिंतीवर ठेवू की काढू? दुसरा प्रश्न चेष्टेचा नाही, भाची दर रविवारी येते.

टवाळ_पाटी
पंधरा वर्षं न बघता भिंतीवर लावणं याला आमच्याकडे सजावट म्हणतात.

अंधारखोली
मी हौसेने ओल्या कलोडियनवर फोटो काढतो, म्हणून थोडं तांत्रिक. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत डेव्हलप करायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. म्हणजे १८६०-७० च्या काळात बाहेर फोटो काढायचा तर अंधारखोलीचा तंबू, बाटल्या, पाणी, काचा, सगळं बरोबर न्यायचं. काच उघडी ठेवायची ती काही सेकंद. माणूस हलला की भूत. म्हणून पाठीमागे लोखंडी स्टँड आणि त्याला डोकं धरून ठेवणारा चिमटा. जुन्या फोटोंत नीट बघा, बुटांच्या मागे त्या स्टँडचा पाय दिसतो कधीकधी.

तेव्हा "मांडून काढलेला फोटो" हा आरोपच मला विचित्र वाटतो. त्या काळी न मांडलेला फोटो होताच कुठे? राणी व्हिक्टोरियासुद्धा मांडलेलीच आहे. चालता चालता पकडलेला क्षण वगैरे आपल्या मोबाइलच्या सवयी.

दुसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. ही रसायनं निळा प्रकाश खातात. तांबडा आणि पिवळा त्यांना जवळजवळ दिसत नाही. माझ्या मित्राचा गडद निळा शर्ट काचेवर पांढराशुभ्र आला आणि गालावरचे फिकट वांग चिखल उडाल्यासारखे. आता विचार करा, तांबूस-तपकिरी कातडी किती काळी येईल. चेहऱ्यावर लाल-पिवळा रंग लावला असेल तर तो काळा पट्टा, निळा लावला असेल तर गायब. "उग्र" दिसणारे अर्धे चेहरे रसायनाने उग्र केलेत.

ओवी_ओवी
बापरे, हे माहीत नव्हतं. हाताला लागतं का ते?

अंधारखोली
सिल्व्हर नायट्रेट? बोटं काळी होतात, आठवडाभर जात नाहीत. ऑफिसात लोक विचारतात मतदान कुठे होतं.

सुमेधा_क
अंधारखोली, तांत्रिक माहिती उत्तम, निष्कर्ष पटला नाही.

राणी मांडलेली होती, मान्य. पण कुठला पोशाख घालायचा ते तिने ठरवलं, फोटो आवडला नाही तर तो बाहेर गेला नसता, आणि खाली तिचं नाव होतं. लिंटच्या स्टुडिओत बसलेल्या बाईकडे यातलं काय होतं? चिमटा दोघींच्या मानेला होता हे खरं. पण म्हणून दोघी सारख्या?

"मांडणी" हा शब्द किती निरागस असतो ते बघायचं तर टॉम टॉर्लिनोचे दोन फोटो बघा. हा डिने, म्हणजे नवाहो तरुण. पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलमध्ये १८८२ मध्ये आला. रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये जुन्या बराकींत ही शाळा काढलेली. माणूस वाचवायचा तर त्याच्यातला इंडियन मारा, हे त्याचं धोरण. १८९२ च्या भाषणात त्याने ते चक्क बोलूनही दाखवलं. गावातला फोटोग्राफर जॉन चोट. पहिला फोटो आल्या-आल्या: लांब केस, डोक्याला पट्टा, कानात डूल, गळ्यात माळा, अंगावर ब्लँकेट. दुसरा १८८५ चा: कोट, टाय, केस कापून भांग. आणि चेहरा कितीतरी गोरा!

हे फोटो जोडीने छापून वाटले, विकले. देणगीदारांना दाखवायला, खासदारांना दाखवायला. बघा, तीन वर्षांत माणूस झाला. आता अंधारखोलींनीच सांगावं, गोरेपणा शाळेने दिला की दिव्याने?

अंधारखोली
जोडी उघडून बघितली. पहिल्यात प्रकाश कमी आणि एका बाजूने, दुसऱ्यात समोरून भरपूर. वर प्रिंट काढताना हवं ते करता येतं. शिवाय तीन वर्षं छपराखाली राहिलेला माणूस उन्हातल्या माणसापेक्षा उजळ असणारच. पण एवढा फरक नुसत्या छपराचा नाही.

सुमेधाताई, तुमचा मुद्दा मान्य. मी "सगळेच मांडायचे" म्हणालो, "सगळे सारखेच मांडले जायचे" असं म्हणायला नको होतं. म्हणालो नव्हतो, पण वास तसाच येत होता.

ओवी_ओवी
टॉर्लिनोचे फोटो आत्ता बघितले. दुसऱ्यात डूल नाहीत, पण कानांकडे नजर जातेच.

खवट_आजोबा
दोन दुरुस्त्या.

एक. "रेड इंडियन" लिहू नये. अपाची लिहा, त्यातही चिरिकावा अपाची लिहा. पोस्टरवरच्या माणसाचं खरं नाव गोयाथले, अर्थ "जांभई देणारा". जेरोनिमो हे बाहेरच्यांनी चिकटवलेलं नाव.

दोन. ह्या फोटोखाली पुष्कळ ठिकाणी १८८७ साल आणि बेन विटिक हे नाव छापलेलं असतं. जरा डोकं चालवा. जेरोनिमो सप्टेंबर १८८६ मध्ये स्केलेटन कॅन्यनमध्ये जनरल माइल्सला शरण गेला आणि त्याच वर्षी फ्लोरिडातल्या फोर्ट पिकन्समध्ये बंद झाला. १८८७ चं सबंध वर्ष तो तिथे कैदी. अमेरिकन सैन्य आपल्या सगळ्यात नावाजलेल्या कैद्याच्या हातात रायफल देऊन "जरा रागात बघा" म्हणेल? अभ्यासक हा फोटो ए. फ्रँक रँडलचा मानतात आणि साल १८८४ च्या आसपासचं, तो सॅन कार्लोसच्या राखीव भागात होता तेव्हाचं.

म्हणजे नाव परकं, साल चुकीचं, छायाचित्रकार चुकीचा, गवत कापून आणलेलं. गुडघा तेवढा त्याचा.

टवाळ_पाटी
"गुडघा तेवढा त्याचा." आजोबा, दंडवत घ्या.

शेवटची_बस
संपादन: "रेड इंडियन" बदलत होतो, मग राहू दिलं. कॉलेजात असताना डोक्यात तोच शब्द होता, आज सोवळा शब्द घालून तेव्हाचं डोकं सोवळं होणार नाही. १८८७ बद्दल आजोबांचे आभार. माझ्या पोस्टरच्या कोपऱ्यात हेच साल आहे.

नकाशेवाला
जेरोनिमो निघालाच आहे तर सी. एस. फ्लायचं नाव घ्यायला हवं. टूमस्टोनचा फोटोग्राफर. मार्च १८८६ मध्ये अमेरिकन जनरल क्रूक जेरोनिमोशी वाटाघाटीसाठी मेक्सिकोतल्या सोनोरात, कान्यॉन दे लोस एम्बुदोसला गेला, तेव्हा हा कॅमेरा आणि आठ बाय दहा इंची काचा घेऊन मागोमाग. अपाची अजून शरण आलेले नाहीत, बंदुका भरलेल्या, आणि फ्लाय त्यांच्यात फिरून सांगतोय: तू जरा इकडे सरक, तू मान वळव! तिथे हजर असलेल्यांनी त्याच्या धाडसाबद्दल लिहून ठेवलंय. मला तर तो उर्मटपणाही वाटतो.

पण गंमत बघा. तेही मांडलेलेच फोटो, तरी ते बघताना पोटात वेगळं होतं. जमीन खरी, बंदुका त्यांच्या, आणि ते ओळीने उभे राहिले ते त्यांना उभं राहायचं होतं म्हणून. एका फोटोत अपाची मुलांच्या घोळक्यात सँटियागो मॅकिन हा पळवून नेलेला गोरा मुलगा आहे. अकराएक वर्षांचा. त्याला परत घरी न्यायला आले तर जायला तयार नव्हता. पोरगा त्या घोळक्यात इतका मिसळलाय की शोधावा लागतो.

चहाटळ_०७
धागा मस्त चाललाय पण एडवर्ड कर्टिस अजून कसा आला नाही? घड्याळ!!

खवट_आजोबा
कर्टिस विसाव्या शतकातला. धागा एकोणिसाव्याचा.

चहाटळ_०७
आजोबा, शतक बदललं म्हणून फोटोग्राफरची खोड बदलते का? १९१० चा फोटो, पिगन लोकांच्या तंबूतला. लिटल प्लूम आणि त्याचा मुलगा यलो किडनी बसलेत आणि दोघांच्या मधोमध गजराचं घड्याळ. मूळ निगेटिव्हमध्ये स्पष्ट दिसतं. छापताना कर्टिसने ते घालवलं. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर फोटोंचे वीस खंड काढले गड्याने १९०७ ते १९३० पर्यंत, त्यासाठी जे. पी. मॉर्गनकडून पंचाहत्तर हजार डॉलर मिळवले, आणि एक घड्याळ त्याला सोसलं नाही.

विदिशा_म
पण सोसवणार कसं? त्याची सगळी कल्पना अशी की ही जमात मावळत चाललीय, आपण शेवटची छबी टिपतोय. मावळणारा माणूस गजर कशाला लावेल? ज्याला उद्या सकाळी उठायचंय तो लावतो.

चहाटळ_०७
हे जबरदस्त.

रानवाट
खूप दिवस वाचनमात्र होतो, घड्याळावरून लिहावंसं वाटलं.

मी आदिवासी आहे. कॉलेजात असताना एका सरकारी सोहळ्यात आमच्या गटाचा नाच ठेवला होता. फोटो काढणारे आले. त्यातला एक मला म्हणाला, घड्याळ काढ. काढलं. बूट काढ. ते काढलेच होते. मग म्हणाला, चष्मा काढ, आदिवासी वाटत नाहीस. माझा नंबर तेव्हा उणे पाच. चष्म्याशिवाय मला समोरच्याची पाठ दिसेना. ताल ऐकून नाचलो, दोनदा चुकलो, एकदा पुढच्याच्या टाचेवर पाय दिला. फोटो सुरेख आला. माझी नजर कुठेतरी लांब लागलेली आहे. खाली ओळ होती, निसर्गाशी एकरूप झालेला तरुण वगैरे. मी खरं तर चष्मा कुणाकडे दिलाय ते शोधत होतो.

तेव्हा वर कुणीतरी म्हटलं की तेव्हाचे सगळेच फोटो मांडलेले. असतील. फोटोसाठी थांबायला सांगितलं तर माझी हरकत नाही. काय काढून ठेवायला सांगता ते मी बघतो.

सुमेधा_क
रानवाट, लिहिलंत ते फार बरं केलंत.

टवाळ_पाटी
मी आज विनोद करत नाही.

जुनाजाणता
सगळ्यांचं वाचलं. थोडी उलटी बाजू मांडतो, लगेच मारायला धावू नका.

कर्टिसने चाळीस हजारांच्या आसपास निगेटिव्ह काढल्या, मेणाच्या नळ्यांवर हजारो गाणी आणि भाषा उतरवल्या. घड्याळ पुसलं म्हणून हे सगळं खोटं? त्याने नसतं केलं तर आज त्या लोकांच्या नातवंडांच्या हाती काय असतं? आपल्याकडे नावं ठेवणारे पुष्कळ, काच उचलून डोंगर चढणारे थोडे.

नकाशेवाला
जुनाजाणता, नातवंडांचा मुद्दा एका अर्थी बरोबर आहे, पण त्यातून तुमचं म्हणणं सिद्ध होत नाही. न्यूझीलंडचं बघा. ऑकलंडच्या पुलमन स्टुडिओने माओरी सरदारांचे, बायकांचे पुष्कळ फोटो काढले. तो स्टुडिओ नवऱ्यामागे एलिझाबेथ पुलमनने चालवला. राजा ताफियाओचा १८८२ चा फोटो तिचा. हे फोटो पर्यटकांना कार्डं म्हणून विकले जात, अंगावरचा झगा आणि हातातली वस्तू कधीकधी स्टुडिओची असे. पण त्याच माओरी घरांनी पूर्वजांचे फोटो सभागृहाच्या भिंतीवर लावले. त्यांच्या लेखी तो कागद नाही, पूर्वज स्वतः तिथे आहे. पर्यटकाने जो फोटो "नमुना" म्हणून घेतला तोच घरच्यांनी "आजोबा" म्हणून लावला. पण ही फोटोग्राफरची पुण्याई नव्हे, घरच्यांनी केलेली वसुली आहे.

ऑस्ट्रेलियात तर संग्रहालयं आधी सूचना लावतात की यात मृत व्यक्तींच्या प्रतिमा असू शकतात, कारण अनेक समाजांत गेलेल्या माणसाचं नाव घेणं, चेहरा बघणं याला नियम आहेत. लिंटच्या फोटोंतल्या माणसांची नावं आता कुठे ग्राफ्टनकडचे लोक शोधून लावतायत. दीडशे वर्षं ते नुसते "नेटिव्ह" होते.

जुनाजाणता
वसुली हा शब्द पटला. बाकीचं रात्री विचार करतो.

खवट_आजोबा
जाता जाता आपल्याकडचं एक, म्हणजे हे सगळं फक्त अमेरिकेत झालं असा समज नको.

इंडिया ऑफिसने १८६८ ते १८७५ मध्ये आठ खंड काढले, फॉर्ब्स वॉटसन आणि जॉन के यांनी संपादित केलेले, 'द पीपल ऑफ इंडिया'. साडेचारशेहून जास्त फोटो, प्रत्येकाखाली जात-जमात आणि ती कितपत भरवशाची, कुठली लुटारू, कुठली राजनिष्ठ, असा शेरा. सत्तावन्नच्या बंडानंतरचं काम, तेव्हा ते "ओळख परेड"सारखं वाटतं ते उगीच नाही.

सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला गेले होते, त्यांनी इंडिया ऑफिसात हे खंड पाहिले आणि व्यथित झाले. बरोबर मुलगा महमूद. त्याला पानं उलटताना बघून एका तरुण इंग्रजाने विचारलं, तू हिंदुस्थानी का? महमूद हो म्हणाला, ओशाळला आणि घाईघाईने पुढे म्हणाला, पण मी तिथला आदिवासी नव्हे, माझे पूर्वज दुसऱ्या देशातून आले. सर सय्यदांनी हे स्वतः पत्रात लिहून ठेवलंय.

मला ह्या प्रसंगात त्या इंग्रजापेक्षा महमूदचं वाक्य जास्त बोचतं. पुस्तकाने अपमान सगळ्यांचाच केला, आणि पहिल्या झटक्याला त्याने तो खालच्या पायरीवर सरकवला.

रानवाट
ती पायरी आम्हाला ओळखीची आहे.

अंधारखोली
आजोबांच्या "ओळख परेड"ला जोडून. १८६९ मध्ये लॅम्प्रे नावाच्या माणसाने एक चौकट सुचवली. सात फूट बाय तीन फूट लाकडी चौकट, तिला रेशमी दोरे बांधून दोन-दोन इंचांचे चौकोन. समोर माणूस नागडा उभा करायचा, म्हणजे फोटोवरून मापं काढता येतात. त्याच सुमाराला जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सलीने वसाहत खात्यामार्फत सूचना पाठवल्या: समोरून आणि बाजूने, कपड्यांशिवाय, शेजारी मोजपट्टी. पुढे १८९० च्या दशकात अंदमानात पोर्टमन नावाच्या अधिकाऱ्याने ब्रिटिश म्युझियमसाठी अशाच चौकडीच्या पडद्यापुढे अंदमानी लोकांचे ढीगभर फोटो काढले. हा तोच, ज्याने १८८० मध्ये नॉर्थ सेंटिनेलवरून सहा जणांना उचलून आणलं. त्यातले दोघे म्हातारे मेले आणि मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं.

मी वर जे म्हणालो की मांडणी सगळीकडेच होती, ते ह्या चौकटीपुढे म्हणता येत नाही. यात गवत नाही, पडदा रंगवलेला नाही, नाटक काहीच नाही. "शास्त्रीय" आहे. आणि सगळ्यात वाईट हेच आहे.

विदिशा_म
हक्सलीच्या बाबतीत एक पुस्ती. त्याला हवे होते तसे फोटो फारच थोडे मिळाले, कारण पुष्कळ ठिकाणी लोकांनी सरळ नकार दिला. "कॅमेरा आत्मा चोरतो म्हणून आदिवासी घाबरायचे" हे आपण शाळेपासून ऐकतो. कुणी येऊन म्हणालं कपडे काढून पट्टीशेजारी उभे राहा, तर मीही नाही म्हणेन, त्यात आत्म्याचा संबंध काय? लकोटा योद्धा क्रेझी हॉर्सने तर आयुष्यभर फोटो काढू दिला नाही.

चहाटळ_०७
आणि लकोटांचाच सरदार सिटिंग बुलने काढू दिला, पण बिल लावून! १८८५ मध्ये अमेरिकन सैन्याच्या जुन्या वाटाड्याच्या, बफेलो बिलच्या तमाशात चार महिने गेला. आठवड्याला पन्नास डॉलर, आणि करारात कलम असं की माझे फोटो आणि सह्या विकायचा हक्क फक्त माझा. मॉन्ट्रियलच्या नॉटमन स्टुडिओतला त्या दोघांचा फोटो बघा. मागे रंगवलेला पडदा, मध्ये एक रायफल, दोघांचेही हात तिच्यावर. बफेलो बिल छाती काढून लांब क्षितिजाकडे बघतोय, म्हणजे पडद्याकडेही नाही, बहुतेक खुंटीकडे. सिटिंग बुल मख्ख. पूर्वीचे वैरी आता मित्र अशी ओळ खाली छापून विकला. हे दोघे समोरासमोर कधी लढलेच नव्हते.

शेवटची_बस
चहाटळ, तुमच्यामुळे जेरोनिमोचं आत्मकथन काढून वाचलं (१९०६, बॅरेटने उतरवून घेतलेलं). सेंट लुइसच्या १९०४ च्या प्रदर्शनात तो कैदी म्हणूनच होता, पहाऱ्यात. तिथे स्वतःचे फोटो पंचवीस सेंटला विकायचा, त्यातले दहा सेंट त्याला ठेवू देत. सहीचे वेगळे, दहा, पंधरा, पंचवीस. आणि सहीचे सगळे पैसे त्याचे.

हे वाचून माझं डोकं थोडं फिरलं. मी तीन दिवस त्याच्यासाठी हळहळत होतो, की बिचाऱ्याला गवतात बसवलं. आणि त्याला पक्कं माहीत होतं की लोकांना कुठला जेरोनिमो विकत हवाय. दहा सेंट का होईना. कैदी बावीस वर्षांहून जास्त राहिला, १९०९ मध्ये फोर्ट सिलला मेला, तोही कैदीच. ते त्याच्या हातात नव्हतं. चेहरा कसा करायचा ते होतं.

सुमेधा_क
बस, जपून हं. "त्यालाही फायदा झाला"कडे गाडी वळायला वेळ लागत नाही. पंधरा सेंट कुणी ठेवले तेही बघा.

शेवटची_बस
बरोबर. फायदा नाही म्हणत. बिचारा नव्हता एवढंच म्हणतोय.

ओवी_ओवी
एक बाळबोध प्रश्न. ह्या लोकांपैकी कुणी स्वतः कॅमेरा घेतला नाही का? सगळीकडे काढणारा गोराच दिसतोय.

नकाशेवाला
बाळबोध नाही, आम्ही सगळे विसरलो होतो. अलास्कातल्या मेटलाकाटलाचा बेंजामिन हॅल्डेन, त्सिमशियन जमातीचा. १८९९ मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. रंगवलेला पडदा त्याच्याकडेही होता! पण समोर बसलेली मंडळी गावातली, ठेवणीतले कपडे घालून, आपल्या घरासाठी फोटो काढायला आलेली. त्याच्या बऱ्याच काचा कचऱ्यात गेल्या होत्या, गावातल्याच एकाने त्या उचलून आणल्या म्हणून राहिल्या.

आणि चेरोकी असलेली जेनी रॉस कॉब. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी तिने टॅलेक्वाच्या चेरोकी मुलींच्या विद्यालयातल्या आपल्या मैत्रिणींचे फोटो काढले. फुगीर बाह्या, टोप्या, रुळांवरून चालणाऱ्या, हसणाऱ्या पोरी.

विदिशा_म
हसणाऱ्या! धाग्यात पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

अंधारखोली
म्हणजे पडदा निर्दोष सुटला. पडद्यापुढे कुणी कुणाला बसवलं, आणि फोटो कुणाच्या घरी गेला.

खवट_आजोबा
मूळ प्रश्न राहिला. पोस्टरचं काय ठरलं?

जुनाजाणता
ठेवा. रात्री विचार केला. काढून ठेवलंत तर भाची पुढचं गवत कुठे बघणार?

शेवटची_बस
रविवार झाला. भाची आली होती. तिला हा धागा वाचून दाखवला, चष्म्याचा किस्सा दोनदा ऐकला तिने. मग संग्रहालयात असते तशी चिठ्ठी करून पोस्टरखाली चिकटवली. जशी आहे तशी उतरवतो:

"गोयाथले (जेरोनिमो), चिरिकावा अपाची. साल १८८७ छापलंय ते चूक. गवत: फोटोग्राफरचं. पडदा: फोटोग्राफरचा. गुडघा: त्याचा."

टवाळ_पाटी
आजोबांना मानधन द्या. आणि रायफल?

शेवटची_बस
तिनेही तेच विचारलं. चिठ्ठीत खाली एक ओळ मोकळी सोडली आहे.